एक नग, बैठा, नाजूक

रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या ओट्यासमोर एक गृहस्थ येतात आणि स्वतःचीच चिठ्ठी माझ्या हातात ठेवतात. शाळेच्या वहीचा चतकोर कागद, निळं बॉलपेन आणि लांबून वाचता येईल असं ठसठशीत अक्षर. मजकूर असा: ‘माल – एक नग, बैठा. रंग उडालेला. कंबर नाजूक. निघाला ९.१०. मार्ग – भाजीबाजार, देऊळ, खाडीचा रस्ता. परत ११.३०. न आल्यास शोधायला निघणे.’ सगळ्यात खाली ‘पोच’ असं लिहून पुढे जागा सोडलेली. माल परत आला की तिथे मी वेळ घालून सही करायची.

हा माल म्हणजे आमचे शेजारी हिराजी म्हात्रे. अख्खी आळी त्यांना हिरानाना म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, आवाज चाळिशीतला आणि बसायला बॅटरीवर चालणारी खुर्ची. पेणमध्ये अशा खुर्च्या आणखीही असतील. पण भोंगा, सायकलचा आरसा, शिट्टी, छत्री, लाल फडकं लावलेली बांबूची काठी आणि पाठीमागे दोरीने बांधलेली हातभर रुंद फळी, एवढा संसार घेऊन फिरणारी ही एकच.

“चिठ्ठी मलाच का?” असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“तुम्ही पोस्टातले. पोच म्हंजे काय ते तुम्हाला शिकवायला नको,” नाना म्हणाले.

मी पोस्टात काउंटरवर बसायचो. नाना मात्र मला पोस्टमास्तर म्हणतात, आणि ती चूक दुरुस्त करायची मी कधी घाई केलेली नाही. माझ्या हातून पूर्ण नोकरीत एकही रजिस्टर पत्र हरवलं नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. ते बहुधा तिथेच नडलं.

“अहो नाना, हल्ली मोबाइल असतो माणसाजवळ,” मी म्हटलं.

“हाय ना, माझ्याजवळ पण हाय. मोबाइल बॅटरीवर, खुर्ची बॅटरीवर. दोन्ही एकाच दिवशी मेल्या तर? चिठ्ठीला बॅटरी लागत नाय.”

नानांशी वाद घालताना मला उत्तर सहसा जेवायला बसल्यावर सुचतं.

नानांची चाळीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात गेली. ते मूर्तिकार नव्हेत. मूर्ती घडवणाऱ्याचं नाव होतं, डोळ्यांची आखणी करणाऱ्याचं तर फारच होतं. नाना मूर्ती पोचवायचे. पेंढा, गोणपाट, सुतळी घेऊन मूर्ती बांधायच्या, गाडीत बसवायच्या, आणि मग स्वतः मागे त्या मूर्तींच्या गर्दीत बसून माल जिथे जाईल तिथे जायचं. प्रत्येक मूर्तीबरोबर चिठ्ठी. घेणाऱ्याने मूर्ती सुखरूप मिळाल्याची सही करून दिली की ती पोच. पोच हातात येईपर्यंत माल वाटेतच आहे असं समजायचं, हा त्यांचा कायदा. “चाळीस वर्षांत एक बोट तुटलं नाय,” असं ते सांगतात आणि थोडं थांबून म्हणतात, “गणपतीचं. माझी दोन तुटली.”

आणि गणपतीच्या गाडीवरून कधी न पडलेला हा माणूस, काम सोडल्यावर दुसऱ्या वर्षी घरच्या मोरीत पडला. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. यमुनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, त्याच्या आदल्या साली वारली होती. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्यांचं सगळं करून जायच्या, आणि मधला अख्खा दिवस नाना खाटेवर पडून छपराची कौलं मोजायचे. दोन वर्षांनी रोह्याच्या मुलीने, सुनंदाने, आणि जावयाने ही खुर्ची आणली. पहिल्या दिवशी नानांनी खुर्चीकडे तिचं वजन किती, टेकू कुठे, तोल कुठे अशा नजरेने पाहिलं आणि जाहीर केलं, “सगळे नियम तेच हायत. फक्त यंदा मूर्ती आपण.”

नियम साधे आहेत. मूर्ती हाताला धरून उचलायची नाही, खालच्या पाटाला धरायची. उतारावर तिरकं जायचं नाही. ओल्या रंगाला आणि ओल्या रस्त्याला घाई करायची नाही. आणि गाडी सोडण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून सगळं तपासायचं.

या शेवटच्या नियमात मी सापडलो. नानांना स्वतःच्या खुर्चीभोवती फेरी मारता येत नाही. म्हणून रोज सकाळी मी मारतो. चाकं, दिवा, कमरेचा पट्टा, झेंडा, पाण्याची बाटली, असं मोठ्याने म्हणत मी उजवीकडून निघून पुन्हा उजवीकडे येतो, आणि नाना मधे समाधानाने बसलेले असतात. आळीतल्या बायकांनी या कार्यक्रमाला ‘पोस्टमास्तरांची प्रदक्षिणा’ असं नाव ठेवलेलं आहे. एकीने मला नारळ हवा का असंही विचारलं.

भोंग्याचं प्रकरण तर वर्षभर गाजलं. रबरी गोळा दाबला की पों करणारा हा भोंगा नानांनी एका पाववाल्याकडून मिळवला. त्यामुळे सुरुवातीला नाना गल्लीत वळले की घराघरातून बायका डबा घेऊन बाहेर यायच्या आणि पावाऐवजी नानांना पाहून कपाळाला हात लावायच्या. खरा पाववाला आला की कुणी बाहेर येईना, नानाच असतील म्हणून. शेवटी तडजोड झाली. पाववाल्याने एकदा वाजवायचं, नानांनी दोनदा.

रस्ता ओलांडायची नानांची पद्धत मात्र मी आता स्वतःसाठीही वापरतो. ते कडेला थांबतात, हात वर करतात आणि येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत बघतात. “आखणीवाल्याने डोळे काढल्याशिवाय मूर्ती बघत नाय, आणि ड्रायव्हरने बघितल्याशिवाय आपण हलायचं नाय. गाडी थांबली म्हणून निघायचं नाय हां. तो मोबाइलमध्ये बघत थांबला असेल.” एकदा एक ट्रकवाला काळा चष्मा लावून आला. नानांनी त्याला खुणेने चष्मा काढायला लावला, डोळे तपासले आणि मगच पलीकडे गेले. मागे चार रिक्षा कोकलत होत्या.

आता नानांच्या शत्रूंबद्दल. कुत्री, गाई, खड्डे हे त्यांचे शत्रू नव्हेत. “ती आपापल्या जागेवर असतात.” त्यांचा खरा शत्रू म्हणजे मदत करणारा माणूस. आपल्याकडे खुर्चीतला माणूस दिसला की चांगल्या घरच्या माणसाच्या अंगात पुण्य संचारतं. तो विचारत नाही, थेट धरतो. आणि धरतो कुठे, तर खुर्चीच्या हातांना. ते हात काढघालीचे असतात, ते उपटून येतात. मग तो माणूस हातात खुर्चीचा हात घेऊन असा काही चेहरा करतो की नानांनाच त्याची समजूत काढावी लागते. एका निवृत्त साहेबांनी तर बाजारात नानांना न विचारता मागून ढकलायला सुरुवात केली. बॅटरीची खुर्ची अशी ढकलून हलत नाही. साहेबांनी श्वास रोखून जोर लावला, त्यांची चप्पल तुटली, आणि नाना शांतपणे मेथी निवडत होते.

दुसरा प्रकार सोबत आलेल्याशी बोलणाऱ्यांचा. मी बरोबर असलो की हॉटेलवाला मला विचारतो, “ह्यांना साखरेचा चहा चालतो का?” नाना म्हणतात, “कंबर बसली, जीभ चालू हाय. मला विचार.” मग तो पुन्हा माझ्याकडे बघतो आणि विचारतो, “म्हणजे चालतो ना?”

आणि तिसरा प्रकार उद्घाटन करणाऱ्यांचा. एका पतपेढीने दारात उताराचा रस्ता बांधला, म्हणजे खुर्च्यांसाठी रॅम्प. उद्घाटनाला नानांना खास बोलावणं. फीत कापली, चेअरमन बोलले, नाना रॅम्पवरून चढतानाचा फोटो निघाला. फोटो संपल्यावर कळलं की रॅम्प जिथे संपतो तिथे वीतभर उंच उंबरा आहे. सगळे एकमेकांकडे बघू लागले. नानांनी पाठीमागची फळी सोडायला लावली, उंबऱ्यावर टाकली, आत गेले, पासबुक भरून घेतलं आणि बाहेर येताना चेअरमनना म्हणाले, “रॅम्प चांगला हाय. फळी मी घेऊन जातो.” दुसऱ्या दिवसापासून त्या रॅम्पवर चेअरमनसाहेबांची मोटरसायकल उभी राहू लागली. अजून राहते.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण या फिरण्यावर एक टांगती तलवार होती. सुनंदाने खुर्ची देतानाच अट घातली होती. “बाबा, एकटे फिरा. पण एक जरी भानगड झाली तर खुर्चीची चावी माझ्याकडे आणि तुम्ही वरसेला.” रोह्याला लागून वरसे, तिथे तिचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुलगी प्रेमाची, जावई सोन्यासारखा, जेवण वेळेवर. पण खुर्ची खाली पार्किंगमध्ये आणि नाना वर.

“उरलेला गणपती बघितलाय तुम्ही?” नानांनी मला एकदा विचारलं. “कुणी नेला नाय की त्याला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. धूळ बसत नाय, धक्का लागत नाय. एकदम सेफ.” नानांना भीती अपघाताची नव्हती, त्या माळ्याची होती.

भानगड झाली ती माझ्यामुळे.

तो शनिवार होता. सकाळी प्रदक्षिणा झाली, चिठ्ठी घेतली, खिशात घातली. मग मी मालतीबरोबर, म्हणजे बायकोबरोबर, एका साखरपुड्याला गेलो. हॉलमध्ये फोन वाजू नये म्हणून त्याचा आवाज बंद केला. जेवणात वालाचं बिरडं होतं, जिलेबी होती, आणि आग्रह करणारे लोक होते. एक वाजता घरी आलो. मालती तिथूनच बहिणीकडे गेली. मी सदरा काढून खुंटीला लावला आणि आडवा झालो. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती. त्यावर ‘न आल्यास शोधायला निघणे’ असं लिहिलेलं होतं, आणि मी घोरत होतो.

भोंगा दोनदा वाजला तेव्हा सव्वाचार झाले होते.

मी ओट्यावर आलो. नाना समोर होते. चेहरा उन्हाने काळवंडलेला, चाकांना चिखल आणि बारीक खडी, खुर्चीचा डावा हात त्यांच्या मांडीवर. त्यांनी हात पुढे केला. त्यांना चिठ्ठी हवी होती. मी आत धावलो, खिशातून ती काढली, सही केली आणि वेळ घातली, ४.१५. त्यांनी ती वाचली, घडी करून ठेवली आणि म्हणाले, “पाणी द्या थोडं.”

झालं होतं ते असं. खाडीच्या रस्त्याला कुणीतरी घर बांधायला आणलेली खडी अर्ध्या रस्त्यात ओतली होती. समोरून टेम्पो आला, नाना कडेला झाले आणि खुर्चीची पुढची चाकं खडीत रुतली. वेळ अकराची. मोटरसायकलवरून दोघेजण आले, नाना नको नको म्हणत असताना दोन्ही बाजूंनी खुर्चीच्या हातांना धरून हिसडा मारला, डावा हात उपटला, तो नानांच्या मांडीवर ठेवला आणि “बॅड लक, काका” म्हणून निघून गेले. त्यानंतर भर दुपार. नानांनी पट्टा आवळला, छत्री उघडली, एकेक घोट पाणी पुरवलं आणि बसून राहिले. तीनच्या सुमारास मिठागरावरून तीन बायका घरी परतत होत्या. त्यातली एक पुढे आली आणि म्हणाली, “बाबा, धरू कुठं?”

“तीन वर्षं फिरतोय मी,” नाना मला म्हणाले. “शिकलेले भेटले, साहेब भेटले, भाषणं करणारे भेटले. धरू कुठं असं विचारणारी ती पहिली. मी म्हटलं, गो बाय, हाताला नको, खाली लोखंडाला धर. तिघींनी धरलं, फळी सरकवली, दोन मिनटांत बाहेर. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका त्या. वजन कुठं असतं ते त्यांना ठाऊक.”

मी खाली मान घालून उभा होतो. मग स्वतःचा बचाव करावा म्हणून, आणि माणूस अशा वेळी करतोच, मी म्हणालो, “नाना, तुमच्याजवळ फोन होता. एक फोन करायचा ना मला!”

नानांनी ग्लास खाली ठेवला.

“होता ना. बॅटरी पण होती,” ते म्हणाले. “साडेअकरा झाले, म्हटलं आता पोस्टमास्तर निघाले असतील. बारा झाले, म्हटलं चप्पल सापडत नसेल. फोन केला असता तर तुम्ही आलाच असता हो. पण ते बोलावून येणं झालं. माझी वाट बघून कुणी येतंय का, ते बघत होतो.”

ओट्याच्या कडेला मी तसाच बसलो. नाना रस्त्याकडे बघत बोलू लागले.

“गाडीवरून मी कवा पण यायचो. पहाटे, दुपारी, चार-चार दिवसांनी. यमुना कधी दारात यायची नाय. चुलीपाशी असायची. माझी चप्पल वाजली की आतूनच म्हणायची, ‘आलात?’ बस्स, एवढंच. मी म्हणायचो, ‘आलो.’ मालाची पोच खिशात असायची, माझी पोच ती. ती गेली त्या सालात एकदा बाजारातून आलो, चप्पल काढली आणि तसाच उभा राहिलो. आतून काय आवाज येईना. तेव्हा चालता येत होतं मला. पण आत जाववेना.”

एवढं बोलून त्यांनी खुर्ची वळवली आणि घरी गेले. तीन वर्षं मी ज्या चिठ्ठीची आळीत टिंगल करत होतो, ती बॅटरी मेली तर म्हणून नव्हतीच. पोस्टात इतकी वर्षं पोचपावत्या हाताळूनही मला ते कळलं नव्हतं, याची मला मनापासून लाज वाटली.

रविवारी सकाळच्या गाडीने सुनंदा रोह्याहून आली. नानांकडे सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या बाईंनी तिला फोन केला होता. घरात न जाता ती आधी आमच्याकडे आली, आणि तिच्या मागोमाग नाना.

“काका, खरं सांगा. काल बाबा किती वाजता आले?”

मी नानांकडे पाहिलं. साडेअकरा म्हणालो असतो तर ते कदाचित गप्प राहिले असते. पण त्यांनी आधीच खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली होती. पोच खोटी नसते, हाही त्यांचा कायदा. चावी जाणार हे ठाऊक असून त्यांनी ती दिली.

“सव्वाचार,” तिने वाचलं. “आणि सही तुमची.”

“माझीच,” मी म्हणालो. “सुनंदा, ते चुकले नाहीत. पट्टा होता, पाणी होतं, छत्री होती, फळी होती. जिथे जातो म्हणून लिहिलं होतं तिथेच होते. मी जेवून झोपलो होतो. चावी कुणाची काढून घ्यायची असेल तर माझ्या घराची घे.”

सुनंदाने चिठ्ठी पुन्हा वरपासून वाचली. ‘कंबर नाजूक’ इथे तिला हसू आलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला. पण डोळेही पुसले.

“म्हणजे बाबांनी सगळं केलं होतं,” ती म्हणाली. “चावी राहू दे, बाबा. पण काका, पुढच्या वेळी?”

मी काही वचन-बिचन दिलं नाही. माझ्या वचनाची किंमत आदल्या दिवशीच सगळ्यांना कळली होती. मालती आतून म्हणाली, “चिठ्ठी यापुढे माझ्याकडे द्या नाना, मला दुपारी झोप येत नाही.” पण नानांनी मान हलवली. “पोस्टमास्तरांकडेच. चुकलेला माणूस पुन्हा चुकत नाय.” कारखान्यात एकदा मूर्ती हिंदकळवणाऱ्याला ते मुद्दाम दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठी मूर्ती उचलायला लावायचे, हे मला सुनंदाने नंतर सांगितलं.

सोमवारी नऊ दहाला चिठ्ठी आली. मार्गात खाडीचा रस्ता पुन्हा होताच. मी एकदा सोडून दोनदा प्रदक्षिणा घातली. मग अकरापासून घड्याळाकडे बघत बसलो. अकरा वीसला चपला घालून तयार. अकरा पंचवीसला वाटलं दारात जाऊन उभं राहावं. तसा उठलोही, पण मग थांबलो, चपला काढल्या आणि आत स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मालतीने कढईवरून मान वर करून पाहिलं, आणि तिला काय कळलं कोण जाणे, काही विचारलं नाही.

अकरा एकोणतीसला भोंगा दोनदा वाजला. चाकं ओट्यापाशी थांबल्याचा आवाज आला.

मी आतूनच म्हणालो, “आलात?”

बाहेर नानांनी घसा खाकरला.

“आलो,” ते म्हणाले.

मी बाहेर आलो तेव्हा ते घराकडे वळलेही होते. चिठ्ठी माझ्या हातात तशीच राहिली. त्या दिवशी तिच्यावर सही घ्यायची ते विसरले.